कॉलेजचं नाव नंतर बघू, आधी कोणाजवळ बसून काम करायचंय ते ठरव

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. वयाने बरीच लहान आहेस म्हणून सरळ तू म्हणते, राग मानू नकोस. तू लिहिलंयस की नाशिकलाच बीए सायकॉलॉजी झालंय, 58 टक्के आहेत, तीन वर्षं गंगापूर रोडच्या एका प्रीस्कूलमध्ये शिकवतेयस, दीड वर्षापूर्वी लग्न झालंय, आता ह्युमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीजमध्ये मास्टर्स करायचंय आणि सगळ्यात चांगलं कॉलेज कुठलं, स्कोप काय, अमेरिकेत जावं का, नाशिक सोडावं लागेल का, काउन्सेलर होता येईल का. घरचे म्हणतात की होमसायन्स म्हणजे स्वयंपाक शिकायला जाणार का. आणि सगळ्यात शेवटी, घाईघाईत टाकल्यासारखी एक ओळ आहे, की वर्गात एक मुलगा कुणाशीच बोलत नाही आणि त्याच्या आईशी काय बोलायचं तेच कळत नाही.

मला वाटतं तुझा खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. बाकीचे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, त्यांची उत्तरं देते, पण त्या ओळीपासून सुरुवात केली तर कॉलेज निवडणं सोपं जाईल. उलट्या बाजूने गेलीस, म्हणजे आधी कॉलेजचं नाव आणि मग कामाचा विचार, तर दोन वर्षांनी हातात डिग्री असेल आणि त्या आईशी काय बोलायचं ते तरीही कळणार नाही. मी अशा बऱ्याच मुली बघितल्यात, हुशार असतात, मार्क चांगले असतात, पण दोन वर्षांत एखाद्या मुलाजवळ सलग महिनाभर बसलेल्याच नसतात.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. या विषयात एमएस्सी करून मला आता पंचवीसेक वर्षं झाली, सुरुवातीला काही वर्षं शिकवलं, आणि नंतर नाशिकमध्येच मुलं आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करतेय, त्यातली बरीच वर्षं दिंडोरी-निफाड भागात द्राक्षबागांवर येणाऱ्या मजुरांच्या वस्त्यांवर गेली. त्यामुळे माझं मत त्या अनुभवाकडे झुकलेलं असणार, हे धरून वाच.

आधी घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्याकडे हा विषय वाढला तो गृहविज्ञानाच्या छत्राखाली. आहार, वस्त्र, घराचं व्यवस्थापन, विस्तारकार्य आणि बालविकास अशा शाखा एकाच फॅकल्टीत असायच्या, त्यातला बालविकास पुढे मोठा झाला, कारण लक्षात आलं की माणूस बालपणानंतरही बदलत राहतो, किशोरवय, लग्न, पालकपण, म्हातारपण हे सगळं विकासातच येतं आणि ते एकट्या माणसाचं होत नाही, कुटुंबासकट होतं. म्हणून नाव ह्युमन डेव्हलपमेंट आणि त्याला जोडून फॅमिली स्टडीज. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर आता फॅकल्टीचंच नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस आहे, कृषी विद्यापीठांनीही होमसायन्स शब्द सोडून कम्युनिटी सायन्स घेतलाय. सासूबाईंना सांगायचं असेल तर सांग की आजीच्या स्मृतिभ्रंशापासून नातवाच्या बोलण्यातल्या उशिरापर्यंत घरात जे जे घडतं त्याचा अभ्यास. त्यांना ते पटकन कळेल, कारण त्यांनी ते सगळं केलेलं असतं.

आता सायकॉलॉजी आणि हा विषय यात फरक काय, कारण तू बीए सायकॉलॉजी आहेस आणि एमए सायकॉलॉजीचा विचारही डोक्यात असणारच. फरक मी एका मुलावरून सांगते. नाव गाव बदललंय.

पिंपळगावच्या बाजूला एका बागेवर सुरगाण्याहून आलेलं कुटुंब होतं, चार वर्षांचा मुलगा, जवळच्या अंगणवाडीत जायचा आणि गप्प बसून राहायचा. सेविकाताईंना काळजी होती, त्यांनी मला बोलावलं, म्हणाल्या मॅडम हा मंद आहे का बघा ना. एखादी बुद्धिमत्तेची चाचणी काढून समोर ठेवली असती तर आकडा कमीच आला असता आणि मी तो लिहूनही दिला असता. पण मी आधी आठ-दहा दिवस नुसती जाऊन बसले. मुलगा घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलत होता, अंगणवाडीतली मराठी त्याला अर्धी कळायची. पत्र्याच्या खोलीत मात्र धाकट्या बहिणीशी अखंड बोलायचा, तिला गोष्ट सांगायचा, भांड्यांची गाडी करायचा. आई पहाटे बागेत जायची, कारण ऑक्टोबरची छाटणी सुरू होती आणि काम एकरावर अंगावर घेतलेलं होतं, जितकं लवकर संपेल तितकं बरं. वडिलांनी गावी असताना मुकादमाकडून उचल घेतलेली होती. मागच्या हंगामात हेच कुटुंब दुसऱ्या गावात होतं, म्हणजे या मुलाची ही दुसरी अंगणवाडी आणि दिवाळीनंतर कदाचित तिसरी.

युरी ब्रॉन्फेनब्रेनर नावाचा शास्त्रज्ञ अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होता, त्याने 1979 मध्ये मांडलं की मुलाचा विकास समजायचा तर त्याच्याभोवतीची वर्तुळं बघा. सगळ्यात आतलं वर्तुळ म्हणजे घर आणि अंगणवाडी, जिथे मूल स्वतः असतं. मग त्या दोघांमधलं नातं, म्हणजे आई आणि सेविका एकमेकींशी बोलतात का. मग अशा जागा जिथे मूल कधी जात नाही पण ज्या त्याच्यावर परिणाम करतात, जसं वडिलांची उचल आणि द्राक्षाचा भाव. त्याबाहेर भाषा, जात, आदिवासी मुलांबद्दलचे समज, सरकारी धोरण. आणि त्याने नंतर जोडलेलं पाचवं, या सगळ्यातून वाहणारा काळ, म्हणजे हंगाम आणि दरवर्षीचं स्थलांतर. पुस्तकात हे पाच गोल काढून दाखवतात आणि मुलं परीक्षेत गोल काढून येतात. पण त्या मुलाकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की यातलं एक वर्तुळ जरी सोडलं तरी आपण मुलावर खोटा शिक्का मारू शकतो.

मग केलं काय, तर फार मोठं काही नाही. सेविकाताईंनी त्याच्याकडून दहा-बारा कोकणा शब्द शिकून घेतले, रोज सकाळी तो शिकवणार आणि सगळी मुलं म्हणणार. आईशी बोलायला आम्ही बागेत तिच्या जेवणाच्या सुट्टीत गेलो, तिला अंगणवाडीत बोलावलं नाही, कारण खाडा झाला की काम मागे पडतं. तिसऱ्या आठवड्यात तो वर्गात बोलायला लागला, आधी कोकणा आणि मग मिसळून. सगळी मुलं अशी बोलायला लागत नाहीत, काहींना खरोखर ऐकू कमी येत असतं, काहींना ऑटिझम असतो, आणि तिथे वेळ न घालवता तपासणीला पाठवायलाच हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यात शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी होते, विकासातला उशीरही बघतात आणि पुढच्या तपासण्यांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. कधी थांबून बघायचं आणि कधी लगेच पाठवायचं हे ओळखता येणं, माझ्या मते या शिक्षणातून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

तर फरक असा की सायकॉलॉजीत नजर साधारण व्यक्तीवर असते आणि आपल्या विषयात ती व्यक्ती अधिक तिच्याभोवतीचं सगळं अशी असते. दोन्ही लागतं. पण तुला त्या मुलाच्या आईशी बोलायचंय म्हणतेस तेव्हा मला वाटतं तुझा कल इकडे आहे.

आता काउन्सेलर होता येईल का, इथे नीट वाच कारण इथे खूप जणींची फसगत होते. ह्युमन डेव्हलपमेंटची एमएस्सी केली म्हणून तू क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाहीस. त्यासाठी 1992 च्या कायद्याने रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, आहे, त्यांनी मान्य केलेला कोर्स आणि त्यांच्याकडे नोंदणी लागते, स्पेशल एज्युकेटरचंही तसंच. निदान करणं, सर्टिफिकेट देणं हे आपलं काम नाही. पालकांशी बोलणं, मुलाच्या विकासाचं निरीक्षण, घरी काय करता येईल ते सुचवणं, शाळेच्या शिक्षिकांना तयार करणं, पालक गट चालवणं, किशोरवयीन मुलामुलींसोबतचं काम, हे आपलं. आणि हे काम कमी दर्जाचं आहे असं अजिबात नाही. माझ्या सुरुवातीच्या एका नोकरीत शाळेने मला काउन्सेलर म्हणून घेतलं आणि प्रत्यक्षात अॅडमिशनच्या वेळी कुठली मुलं ‘स्लो’ आहेत ते लिहून द्यायला लावलं, मी दोन महिने लिहून दिलं. त्या मुलांना प्रवेश नाकारले गेले. मला तो अधिकार नव्हता हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, मी नंतर ती नोकरी सोडली पण त्या कागदांवर सही माझी होती. म्हणून सांगते, नोकरीत नाव काहीही देऊ देत, आपली हद्द आपल्याला माहीत पाहिजे.

थेरपीच करायची हे पक्कं असेल तर मात्र इकडे येऊ नकोस, सरळ सायकॉलॉजीचा रस्ता धर आणि पुढे आरसीआयचा कोर्स. आणि तो रस्ता घरी बसून होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस, 2025 पासून यूजीसीने सायकॉलॉजी हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केलेली आहे. आपल्या नाशिकमध्येच मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून कितीतरी बायकांनी त्यामुळे शिक्षण पूर्ण केलं, मला त्याबद्दल फार आदर आहे. पण मुलाजवळ बसून बघणं हे पुस्तक घरी आणून शिकता येत नाही, आपल्या विषयालाही समोरासमोरचंच शिक्षण हवं.

कॉलेजांचं सांगते. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये सुरू केलेलं, त्यांचा ह्युमन डेव्हलपमेंट विभाग जुहूच्या कॅम्पसमध्ये आहे. मुंबईतच निर्मला निकेतनचं होमसायन्स कॉलेज आहे. बडोद्याचा विभाग तर नावानेच ह्युमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज आहे आणि या विषयात देशातल्या जुन्या विभागांपैकी एक. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कम्युनिटी सायन्सचं कॉलेज आहे, तिथेही हा विषय आहे, कृषी विद्यापीठ असल्याने प्रवेशाची पद्धत वेगळी. दिल्लीला लेडी आयर्विन, 1932 चं कॉलेज, तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. नाशिकमधून मुंबई आणि बडोदा जास्त सोयीचं पडतं.

पात्रतेत एक अडचण येऊ शकते. काही ठिकाणी होमसायन्सचीच पदवी मागतात, काही ठिकाणी सायकॉलॉजी, सोशल वर्क, एज्युकेशनवाल्यांनाही घेतात, काही ठिकाणी बीए असेल तर एमएस्सीऐवजी एमए नावाची डिग्री मिळते. हे नियम वर्षागणिक बदलतात म्हणून त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाच आणि ऑफिसला फोन करून तुझी नेमकी डिग्री सांगून विचार, मैत्रिणीला गेल्या वर्षी घेतलं म्हणून तुला घेतीलच असं धरू नकोस.

पण यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे विभागात जाऊन काय बघायचं. मी माझ्या ओळखीच्या मुलींना नेहमी सांगते की एक दिवस रजा टाक, पंचवटी एक्स्प्रेसने जा, विभागात जाऊन बस आणि तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना तीन-चार गोष्टी विचार. फील्डवर्क आठवड्यातून किती दिवस आणि कुठे, आणि तिथून आल्यावर कुणी तुमची वही वाचून बोलतं का, की नुसती सही होते. विभागाची स्वतःची प्रयोगशाळा-बालवाडी आहे का, बडोद्यात चेतन बालवाडी आहे तशी, जिथे तुम्ही तीच मुलं वर्षभर बघता. डेझर्टेशनचा, म्हणजे शेवटच्या संशोधन प्रबंधाचा, विषय तुम्ही ठरवता की गाइड वाटून देतात. आणि गाइड स्वतः शेवटचं फील्डवर कधी गेले होते. ही उत्तरं चांगली असतील तर कॉलेज लहान असलं तरी जा. माझ्या बरोबरीची एक मुलगी मोठ्या नावाच्या ठिकाणी शिकली, तिथे गाइडने तयार प्रश्नावली हातात दिली आणि सांगितलं दोनशे फॉर्म भरून आण, तिने ते भरून आणले, टक्केवारी काढली, पास झाली. आज ती म्हणते की त्या दोनशे घरांपैकी एकाही घरातलं माणूस तिला आठवत नाही.

याउलट माझ्या गाइडने मला परत पाठवलं होतं, ते सांगते. मी माझ्या डेझर्टेशनमध्ये आई-मुलाच्या जिव्हाळ्याच्या नात्यावर काम करत होते, इंग्रजीत अटॅचमेंट म्हणतात ते. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंची एक पद्धत आहे, अनोळखी खोलीत आई मुलाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते, मूल कसं वागतं त्यावरून नातं ओळखायचं. मी तशीच नजर घेऊन पंचवटीतल्या एका वाड्यात गेले होते. आई उठून गेली, बाळ रडलं नाही, परत आली, बाळाने फारसं बघितलंही नाही, मी वहीत लिहिलं की हे मूल आईला टाळतं. गाइडने विचारलं, खोलीत आणखी कोण होतं? आजी होती, काकू होती, शेजारच्या दोन मुली होत्या, बाळ काकूच्या मांडीवर होतं. त्या म्हणाल्या, म्हणजे बाळ एकटं पडलंच नाही, मग ते रडेल कशाला, जा परत आणि या वेळी फक्त आईला नाही, बाळाला दिवसभरात कोण कोण उचलतं ते लिही. मी चार दिवस लिहिलं, सात माणसं निघाली. पद्धत चुकीची नव्हती, ती ज्या घरांवरून तयार झाली ती घरं वेगळी होती. तेव्हापासून परदेशातली कुठलीही चाचणी वापरायच्या आधी मी विचारते की ही कुणाच्या मुलांवर बेतलेली आहे. आपल्याकडे यावर फार चांगलं काम झालेलं आहे, बडोद्याला प्रमिला फाटक यांनी बेली नावाची बाळांच्या विकासाची अमेरिकन चाचणी आपल्या बाळांवर वापरून 30 महिन्यांपर्यंतच्या वाढीची भारतीय मापं तयार केली, त्यातून आलेली डीएएसआयआय चाचणी आजही दवाखान्यांतून वापरतात. एमएस्सीला गेलीस तर ती शिकून घेच.

संशोधनाच्या पद्धतींची भीती घेऊन बऱ्याच मुली येतात, विशेषतः आकडेशास्त्राची. तू आत्तापासून रोज अर्धा तास दे, जामोवी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सरासरीपासून सुरुवात कर. मुलाखती घेऊन त्या मराठीत शब्दशः लिहून काढायची सवयही लाव, एक तासाच्या मुलाखतीला सहज पाच-सहा तास जातात.

अमेरिकेचं. तिथे ह्युमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज किंवा फॅमिली सायन्स नावाचे विभाग बऱ्याच सरकारी विद्यापीठांत आहेत, पेन स्टेट, पर्ड्यू, आयोवा स्टेट, कनेक्टिकट, आणि विषय तिकडे मोठा आहे. पण तुझ्या परिस्थितीत मला तीन गोष्टी दिसतात. एक म्हणजे आपली बीए तीन वर्षांची, तिथली चार वर्षांची, त्यामुळे काही विद्यापीठं थेट घेत नाहीत, इथली मास्टर्स झाली की ती अडचण बहुतेक सुटते. दुसरं पैशाचं, तिथे पीएचडीला साधारण असिस्टंटशिप मिळते, फी माफ आणि खर्चाला पगार, पण नुसत्या मास्टर्सला बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून भरावं लागतं, आणि या क्षेत्रातल्या पगारावर ते कर्ज फेडणं जड जातं, हे मी अगदी स्पष्ट सांगते, घर गहाण टाकून मास्टर्सला जाऊ नकोस. तिसरं म्हणजे तिथे जे मॅरेज अँड फॅमिली थेरपीचं लायसन्स असतं ते त्या त्या राज्याचं असतं, ते घेऊन इथे आलीस तर इथल्या कायद्यात त्याला जागा नाही. संशोधनात आयुष्य घालवायचं असेल तर मात्र इथे एमएस्सी करून मग पीएचडीला जरूर अर्ज कर. तिथे प्रवेश विद्यापीठापेक्षा प्राध्यापक बघून घ्यायचा असतो, ज्यांचं काम तुझ्या प्रश्नाजवळ आहे त्यांचे दोन-तीन पेपर वाचून त्यांना सप्टेंबरच्या सुमारास मेल करायची, अर्जांच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत येतात. आणि स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे का शिकायचंय ते सांगणाऱ्या निबंधात, मला लहानपणापासून मुलं आवडतात असं लिहायचं नाही, तुझ्या वर्गातल्या त्या न बोलणाऱ्या मुलाबद्दल लिहायचं.

स्कोप म्हणजे नोकरी. सरळ सांगायचं तर सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी शाळेतल्या शिक्षिकेपेक्षा फार जास्त नसतो. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, विषय होमसायन्स, आणि त्यात फक्त आपला भाग नसतो, आहारशास्त्र, वस्त्रशास्त्र, विस्तार शिक्षण सगळंच येतं, दुसऱ्या पेपरला 100 प्रश्न 200 मार्कांना, निगेटिव्ह मार्किंग नाही. मास्टर्सला खुल्या प्रवर्गात 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गात 50. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, आणि वयाची अट 30 असली तरी बायकांना पाच वर्षांची सूट आहे, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे, घाबरू नकोस. अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या भरतीत गृहविज्ञान, बालविकास, समाजकार्य असे विषय मागतात, तिथे पदवीचा विषय बघतात म्हणून जाहिरात नीट वाचायची. एक गोष्ट फार जणींना माहीत नसते, बाल न्याय कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीत बाल कल्याण समितीच्या सदस्यासाठी जे विषय दिलेत त्यात ह्युमन डेव्हलपमेंट हे नाव आहे, सोबत मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव लागतो. बेवारस सापडलेलं, पळून आलेलं, अत्याचार झालेलं मूल ज्यांच्यासमोर आणतात ती ही समिती. पुढे कधीतरी तिथे बसायचं मनात धरून आत्तापासून कामाच्या नोंदी आणि पत्रं जपून ठेव.

आणि नाशिक. शिकायला बाहेर जावं लागेल, दोन वर्षं. रोज पंचवटीने अप-डाउन करायचा विचार असेल तर सोडून दे, नोकरीवाले करतात ते वेगळं, इथे फील्डवर्क कुठल्या तरी वस्तीत असतं, संध्याकाळी नोंदी लिहायच्या असतात, जर्नलं असतात, तू पहिल्या सेमिस्टरलाच थकशील. हॉस्टेल घे, शनिवार-रविवारी ये. नवऱ्याशी आणि सासूसासऱ्यांशी हे आधीच बोल, फॉर्म भरायच्या आधी, आणि मूल होऊ द्यायचं ते या दोन वर्षांत की नंतर, हेही तुम्ही दोघांनी ठरवा, बाकीच्यांना ठरवू देऊ नका. दोन्ही गोष्टी एकदम करणाऱ्या मुली मी बघितल्यात, माहेर मुंबईत असेल तर जमलं, नसेल तर एक तरी वर्ष वाया गेलं.

शिकून परत मात्र नक्की ये. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा आदिवासी पट्टा, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली परप्रांतातून आलेली कुटुंबं, मालेगावचे यंत्रमाग, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे आईवडील ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, एवढ्या वेगवेगळ्या प्रकारची घरं एका जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्याकडे शिकलेल्या नजरेने बघणारी माणसं अगदी मोजकी. अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात जाऊन रुजवली, ते काही इथून फार लांब नाही. 1975 मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली त्याच्या कितीतरी आधी त्या झाडाखाली मुलं घेऊन बसत होत्या.

आत्ता लगेच काय करायचं ते सांगते. येत्या सोमवारपासून त्या मुलाची एक वेगळी वही कर. रोज वीस मिनिटं, फक्त जे दिसतं ते लिही, ‘लाजाळू आहे’ असं नाही, ‘डबा उघडला, शेजारच्या मुलीकडे बघितलं, चपातीचा तुकडा तिच्याकडे सरकवला’ असं. मुलाचं खरं नाव वहीत नको, एखादं अक्षर दे. आईला शाळेत बोलावू नकोस, सुटल्यावर गेटपाशी भेटली की आधी त्याने आज केलेली एक चांगली गोष्ट सांग आणि विचार की घरी तो कुणाशी जास्त बोलतो, कुठल्या भाषेत बोलतो. एवढंच, सल्ला काही देऊ नकोस. घरीही बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल किंवा आधी बोलायचा आणि आता थांबलाय असं आई म्हणाली तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, शाळेतल्या मॅडमना सांगून कानाची आणि विकासाची तपासणी करायला लाव. महिनाभर वही लिहून झाली आणि कंटाळा न येता आणखी लिहावंसं वाटलं तर फॉर्म भर.

कागदांचं राहिलं. तुझी मार्कशीट माहेरच्या नावाने असणार, लग्नानंतर आधारवर नाव बदललं असशील तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेव, प्रवेशाच्या वेळी दोन नावं जुळली नाहीत म्हणून धावाधाव करणाऱ्या मुली दर वर्षी असतात. पदवी प्रमाणपत्र अजून घेतलं नसशील तर तेही, दुसऱ्या विद्यापीठात जाणार म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेटही लागेल. सीयूईटी-पीजी द्यायची असेल तर तिचे फॉर्म बाकीच्यांच्या कितीतरी आधी निघतात, त्यामुळे दिवाळी झाली की वेबसाइट बघायला लाग.